एकाच नावाची अनेक विमानं

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडच्या हवाई तळावर मिग-२१ ने भारतीय हवाई दलाचा निरोप घेतला. १९६३ मध्ये याच चंडीगडला मिग-२१ ची पहिली तुकडी, २८ क्रमांकाची स्क्वाड्रन, उभी राहिली होती. म्हणजे बासष्ट वर्षांची चाकरी. त्या दिवशी दूरदर्शनपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे दोन वाक्यं आलटून पालटून ऐकू येत होती. एक, 'हवाई दलाचा कणा गेला.' दुसरं, 'उडती शवपेटी अखेर बंद झाली.'

घरातल्या मुलांनी विचारलं, यातलं खरं कोणतं? प्रश्न बरोबर आहे, पण त्याच्या आधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा: कोणतं मिग-२१? कारण हे एका विमानाचं नाव नाही. ते एका घराण्याचं आडनाव आहे. आजोबा, वडील, काका आणि नातू यांची नाकं सारखी असली तरी स्वभाव सारखे नसतात, तसंच इथे आहे. आणि गंमत म्हणजे हा फरक पुस्तक वाचून जेवढा कळत नाही, तेवढा आज घरच्या संगणकावर, चांगल्या सिम्युलेटरमध्ये बसून कळतो. अर्थात सिम्युलेटर काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हेही माहीत असायला हवं.

घराण्याची गोष्ट

मॉस्कोच्या मिकोयान-गुरेविच संस्थेने १९५० च्या दशकाच्या मध्यात या विमानाचे पहिले नमुने उडवले. हवं होतं ते असं: हलकं, स्वस्त, आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारं आणि शत्रूचं बॉम्बफेकी विमान दिसताच सरळ वर झेप घेणारं. त्रिकोणी पंख, नाकाच्या टोकाला हवा आत घेणारं तोंड, त्या तोंडात पुढेमागे सरकणारा शंकू, आणि मागे एकच इंजिन. पंखांचा पसारा जेमतेम सव्वासात मीटर, म्हणजे आपल्याकडच्या एसटीच्या लांबीपेक्षाही कमी. त्रिकोणी आकारामुळे रशियन लोक त्याला 'बलालाइका' म्हणत. हे त्यांचं तिकोनी तंतुवाद्य. सोव्हिएत संघ, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत मिळून अकरा हजारांहून जास्त मिग-२१ बनली. ध्वनीपेक्षा वेगवान लढाऊ विमान एवढ्या संख्येने दुसरं कोणतंच बनलेलं नाही.

सोव्हिएत कारखान्यांची एक पद्धत होती. नवीन विमान काढण्याऐवजी आहे त्यातच दर दोन-तीन वर्षांनी काहीतरी वाढवायचं. आपल्याकडे जुन्या वाड्यावर एकेक मजला चढत जातो, तसं. त्यामुळे पहिलं मिग आणि शेवटचं मिग यांत पंख तेवढे तेच राहिले, बाकी जवळपास सगळं बदललं.

सुरुवातीचं एफ-१३ हे सगळ्यांत सडपातळ. ३० मिलिमीटरची एक तोफ, दोन क्षेपणास्त्रं, आणि तोफेपुरतं अंतर सांगणारं छोटंसं यंत्र. आकाश शोधणारा रडार नाहीच. वैमानिकाने डोळ्यांनी बघायचं आणि जमिनीवरच्या नियंत्रकाने रेडिओवर सांगितलेल्या दिशेला जायचं. ज्यांनी ते उडवलं ते सांगतात की हाताला सगळ्यांत गोड हेच.

पुढची पिढी पीएफ आणि तिचे भाऊबंद. यांच्या नाकाचा शंकू मोठा झाला, कारण त्यात रडार बसला. पण त्या काळात रशियातच नव्हे, अमेरिकेतही एक खूळ शिरलं होतं: आता क्षेपणास्त्रं आली, तोफ हवी कशाला? तोफ काढून टाकली. त्याची किंमत आपल्याला लगेच कळली. ४ सप्टेंबर १९६५ ला स्क्वाड्रनचे प्रमुख वुलन यांना पाकिस्तानचं सेबर विमान समोर मिळालं. दोन क्षेपणास्त्रं सोडली, दोन्ही चुकली, आणि विमानात तोफच नव्हती. सेबर निघून गेलं.

याच पिढीतलं, परदेशांना विकण्यासाठी बनवलेलं रूप म्हणजे एफएल. आपल्या हवाई दलात त्याला टाइप ७७ म्हणत. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. एफएलमध्येही आतली तोफ नव्हती. मग पोटाखाली टांगायची तोफेची पेटी आली, तिच्यात २३ मिलिमीटरची दुनळी तोफ. १२ डिसेंबर १९७१ ला कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट सोनी यांनी पाकिस्तानचं एफ-१०४ स्टारफायटर पाडलं, ते अशाच तोफेने. दोन दिवसांनी, १४ डिसेंबरला, ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर हल्ला झाला, तोही मिग-२१ विमानांनीच. आकाशातून येणाऱ्या बॉम्बफेकी विमानांना अडवण्यासाठी जन्मलेलं यंत्र आपल्या लोकांनी जमिनीवरच्या एका इमारतीवर रॉकेटं मारायला वापरलं. मिग-२१ ची भारतातली सगळी कारकीर्दच अशी आहे. जे काम समोर येईल ते याच्यावर टाकायचं.

तिसऱ्या पिढीत एम, एमएफ आणि शेवटी बिस आलं. तोफ पुन्हा पोटात बसली, पंखांखाली दोनाऐवजी चार टांगण्या झाल्या, पाठ जाड झाली. मधे एसएमटी नावाचं एक रूप निघालं होतं. जास्त इंधन मावावं म्हणून त्याची पाठ इतकी फुगवली की ते हाताळायला वाईट झालं आणि सोव्हिएत लोकांनाच ती कमी करावी लागली. बिसला मात्र नवं आर-२५ इंजिन मिळालं. आफ्टरबर्नर लावला की सुमारे सात टनांचा जोर, आणि कमी उंचीवर, जास्त वेगात, फक्त दोन-तीन मिनिटांसाठी एक खास बटण दाबलं तर त्याहूनही बराच जास्त. बिस म्हणजे आपलं टाइप ७५.

आणि सगळ्यांत शेवटी बायसन. जुन्या बिस विमानांपैकी सव्वाशेच्या आसपास विमानांत नवा रडार, नवी क्षेपणास्त्रं आणि नजर जाईल तिकडे नेम धरणारं शिरस्त्राण बसवलं. २००४ च्या फेब्रुवारीत ग्वाल्हेरच्या हवाई तळावर अमेरिकन हवाई दलाबरोबर सराव झाला, तेव्हा त्यांच्या एफ-१५ विमानांसमोर आपल्या सुखोई आणि मिराजबरोबर हे बायसनही होतं. एवढंसं विमान रडारवर पटकन दिसत नाही आणि अचानक जवळ येतं, याचा त्या पाहुण्यांनी धसका घेतला. ग्वाल्हेरच्या मंडळींनी तो आवाज घराच्या गच्चीवरून ऐकला असणार. २७ फेब्रुवारी २०१९ ला विंग कमांडर अभिनंदन वर्धमान ज्यात होते ते हेच बायसन.

ही विमानं आपल्याकडे कुठे बनली, तेही सांगायला हवं. सांगाडा नाशिकजवळच्या ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, आणि आतली विद्युत-यंत्रं आमच्या हैदराबादेत, बालानगरच्या कारखान्यात. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे हे तीनही कारखाने मिग-२१ साठीच १९६० च्या दशकात उभे राहिले. ओझरहून साडेसहाशेच्या वर मिग-२१ बाहेर पडली: आधी एफएल, मग एम, मग बिस. नाशिक जिल्ह्यातल्या कित्येक घरांत 'मिग' हा शब्द विमानाचा नाही, नोकरीचा आहे. 'बाबा मिगला होते' असं तिथे सहज म्हणतात.

आता खुर्चीत बसू

घरच्या संगणकावर मिग-२१ उडवायचं तर तीन वाटा आहेत. 'वॉर थंडर' हा खेळ आहे; त्यात एफ-१३ पासून बिसपर्यंत बरीच रूपं मिळतात, पण तिथे बटण दाबलं की इंजिन चालू. रूपांची तुलना करायला बरा, शिकायला नाही. 'फ्लाइटगिअर' फुकट आहे, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेला, आणि त्यात बिस चांगलं आहे. तिसरा 'डीसीएस', त्यातलं मिग-२१ बिस २०१४ मध्ये आलं. ते विकत घ्यावं लागतं, संगणकही तगडा लागतो, पण कॉकपिटमधला जवळजवळ प्रत्येक खटका खरोखर काम करतो. माझा पुतण्या हेच उडवतो आणि मी शेजारी बसून हस्तपुस्तिका वाचून दाखवतो. आमच्या घरी ही नवी जोडगोळी आहे.

पहिला धक्का इंधनाच्या काट्याचा. आपल्या स्कूटरलाही टाकीत किती पेट्रोल आहे ते कळतं. मिग-२१ ला ते तसं कळत नाही. उड्डाणाआधी टाकीत किती भरलं तो आकडा वैमानिकाने स्वतः चकती फिरवून लावायचा. मग इंजिन जसं पितं तसा आकडा उतरत जातो. चुकीचा आकडा लावला तर काटा शेवटपर्यंत शांतपणे खोटं बोलत राहतो. आणि इंधन असतं किती? आफ्टरबर्नर फार न वापरता पाऊण तासाच्या आसपास. पुतण्याने पहिल्या दिवशी आफ्टरबर्नर लावून मजा केली आणि धावपट्टी समोर दिसत असताना इंजिन बंद पडलं. एकच इंजिन, तेही बंद. मग हे विमान दगडासारखं खाली येतं. तरंगण्यासाठी त्याला पंखच कुठे आहेत?

दुसरा धक्का ब्रेकचा. जमिनीवर वळायचं तर पुढचं चाक फिरवायची सोय नाही. दांडीवरची एक खिट्टी दाबायची आणि पायाने पट्टी एका बाजूला ढकलायची, मग त्या बाजूच्या चाकाला जास्त ब्रेक लागतो आणि विमान वळतं. हे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात, आणि हवा बाटलीत मोजकीच. नवखा माणूस धावपट्टीपर्यंत जातानाच फुसफुस करत अर्धी हवा संपवतो. परत आल्यावर थांबायला काय उरणार?

तिसरी गोष्ट मला स्वतःला फार आवडली. समोरच्या फळ्यावर मधोमध एक पांढरी उभी रेघ रंगवलेली आहे. आधी वाटलं, शोभेची असेल. ती गिरकीत सापडलेल्या वैमानिकासाठी आहे. डोकं गरगरत असताना, वर-खाली कळेनासं झालं असताना, दांडी त्या रेघेच्या रोखाने मधे आणून सरळ ढकल, एवढंच तिने सांगायचं. संकटात माणसाची बुद्धी किती उरते, हे ज्याने ती रेघ मारली त्याला नीट माहीत होतं.

हवेत मात्र बिस सुरेख आहे. वेग असला की दांडीला हलकं, तीरासारखं सरळ. पण जोरात वळवलं की त्रिकोणी पंख हवेला आडवा येतो आणि वेग भसाभस उतरतो. साध्या पंखाचं विमान अशा वेळी थरथरून, नाक टाकून इशारा देतं. हे फारसा बोभाटा करत नाही. नाक वर ठेवूनच खाली बसत जातं. म्हणून पंख वाऱ्याशी किती अंशांचा कोन करतोय ते दाखवणारा एक वेगळा काटा आहे, आणि जुने लोक सांगतात की बाहेर बघायला मिळेल तेवढं बघा, पण त्या काट्याला विसरू नका.

आणि मग उतरणं.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. बिस धावपट्टीच्या टोकावर येतं तेव्हा काटा ताशी ३४० किलोमीटरच्या आसपास असावा लागतो. हिशेब करा: सेकंदाला नव्वद मीटरहून जास्त, म्हणजे क्रिकेटच्या साडेचार खेळपट्ट्या एका सेकंदात. चाकं टेकतात ती तीनशेच्या आसपास. नाक वर असल्यामुळे धावपट्टी नाकाआड जाते. खूप हळू आलात तर विमान खाली बसतं, खूप वेगात आलात तर धावपट्टी संपते. वेग कमी व्हावा म्हणून मनाला वाटतं, थ्रॉटल मागे ओढावा. बिसमध्ये ते सगळ्यांत घातक. कारण इंजिनमधली दाबलेली हवा फ्लॅप्सवर फुंकून पंखाची उचल वाढवलेली असते. इंजिन मंद केलं की ती फुंकर बंद, उचल गायब, आणि विमान धाडकन खाली. चुकलं म्हणून पुन्हा जोर द्यावा तर हे जुनं इंजिन तापलेल्या बैलासारखं लगेच उठत नाही, त्याला काही सेकंद लागतात. तेवढ्यात जमीन आलेली असते. उतरल्यावर मागचं पॅराशूट उघडायचं आणि मग त्या मोजक्या हवेचे ब्रेक.

पुतण्याची पहिली वीस उतरणं फुकट गेली. एकविसाव्याला चाकं शाबूत राहिली. मी मनात म्हटलं, खऱ्या विमानात दुसरं उतरणं मिळालंच नसतं.

तेजपूरला जाणारी पोरं

आता टाइप ७७ कडे परत येऊ. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर हवाई दलाने आसाममधल्या तेजपूरला मिग-२१ वर तयार करण्याचं केंद्र सुरू केलं. तिथे येणारा मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा. याआधी त्याने उडवलेलं जेट म्हणजे किरण किंवा इस्क्रा. शिकायला चांगली, पण ध्वनीच्या वेगापर्यंतही न पोहोचणारी आणि मिगच्या मानाने खूपच संथपणे उतरणारी, नवख्याची चूक पोटात घालणारी. तिथून तो थेट मिग-२१ वर. शेजारी किंवा मागे गुरुजी बसतील अशी दोन आसनी मिग होती, त्यांतून थोडे धडे, आणि मग एकट्याने एफएल. सायकल नीट येते म्हणून एखाद्याला घाटात ट्रक हातात द्यावा, असा हा प्रकार.

हे कुणाला कळत नव्हतं असं नाही. १९८२ मध्येच हवाई दलाच्या एका समितीने सांगितलं होतं की मधली पायरी हवी, म्हणजे वेगवान प्रशिक्षण जेट. ब्रिटिश बनावटीच्या हॉकचा करार झाला २००४ मध्ये. पहिली हॉक विमानं बीदरच्या तळावर रुजू झाली २००८ मध्ये. बीदर, भालकी, औरादच्या आपल्या मंडळींच्या डोक्यावरून रोज जी लाल-पांढरी विमानं जातात, ती हीच. १९८२ ते २००८ म्हणजे सव्वीस वर्षं. या सव्वीस वर्षांत तेजपूरला गेलेल्या प्रत्येक तुकडीने ती उडी मधल्या पायरीशिवाय मारली.

२०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत आकडे दिले: मिग घराण्याच्या ८७२ विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली, १७१ वैमानिक, ३९ नागरिक आणि इतर दलांतले आठ जण दगावले. हे आकडे सगळ्या प्रकारच्या मिग विमानांचे आहेत, नुसत्या मिग-२१ चे नव्हेत; बातम्यांत बरेचदा ते एकट्या मिग-२१ च्या माथी मारले जातात. तरी मोठा वाटा त्याचाच होता, कारण संख्या त्याचीच मोठी होती आणि नवखी मुलंही त्याच्यावरच होती.

मग दोष कोणाचा? 'विमान जुनं' हे एक उत्तर. ते पूर्ण चूक नाही. सुटे भाग, इंजिनातले बिघाड, उतरताना तोंडात शिरणारे पक्षी, सगळं होतं. 'वैमानिकाची चूक' हे दुसरं उत्तर, चौकशीच्या कागदावर लिहायला सगळ्यांत सोपं. माझं मत विचाराल तर दोन्ही उत्तरं तोकडी आहेत. आवाजाच्या दुप्पट वेगाने सरळ वर जायला बनवलेलं विमान आपण शाळेसारखं वापरलं, आणि शाळेत पोचवणारी पायरी बांधायला पाव शतक लावलं. सिम्युलेटरमध्ये सलग वीस वेळा आपटल्यावर 'वैमानिकाची चूक' हे शब्द तुम्हाला पूर्वीसारखे सहज उच्चारता येत नाहीत.

पुण्याच्या एका घराने हे फार जवळून पाहिलं. १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानातल्या सुरतगडला फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचा मिग-२१ च्या अपघातात मृत्यू झाला. ठपका वैमानिकावर आला. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांना तो मान्य नव्हता. त्यांनी मिगच्या सुरक्षेचा प्रश्न जाहीरपणे लावून धरला. वडील अनिल गाडगीळ स्वतः हवाई दलातले माजी वैमानिक. मुलाच्या नावाने या दोघांनी जे उभं केलं ते स्मारक नव्हतं. तरुणांना जमिनीवरच, सिम्युलेटरवर, उड्डाणाचे धडे देणारी संस्था त्यांनी पुण्यात काढली.

सिम्युलेटर काय सांगत नाही

थोडं वास्तवही. घरच्या खुर्चीत पाठीवर आठपट वजन येत नाही. मे महिन्यात धावपट्टीवर उभ्या असलेल्या मिगच्या कॉकपिटमध्ये जो उकाडा होतो, तो पंख्याखाली बसून कळत नाही. ढगात शिरल्यावर कानातलं संतुलन फसवतं, विमान सरळ असताना वाकडं वाटतं. पडद्यावर ते होत नाही. आणि सगळ्यांत मोठा फरक म्हणजे पुन्हा सुरू करण्याचं बटण.

शिवाय नीट ध्यानात ठेवा: डीसीएस आणि फ्लाइटगिअरमध्ये मिळतं ते बिस. तेजपूरच्या मुलांना मिळालं ते एफएल. आणि शेवटच्या दिवशी चंडीगडला उडालं ते बायसन. बिसवर चार चांगली उतरणं झाली म्हणून 'मिग-२१ काही अवघड नाही हो' असं म्हणणाऱ्या पोरांना एवढंच सांगा की तुम्ही घराण्यातल्या धाकट्या, ताकदवान भावाला भेटलात.

तरीही बसाच, असं मी सांगेन. मात्र लढाईने सुरुवात करू नका. फुकटच्या फ्लाइटगिअरपासून सुरू करा. साधा जॉयस्टिक पुरे. पायपट्ट्या मिळाल्या तर उत्तम, कारण मिगचं जमिनीवर वळणं त्यांशिवाय कळत नाही. पहिले दोन आठवडे फक्त धावपट्टीभोवती एक फेरी मारायची आणि उतरायचं. वेग आणि इंधन यांचे आकडे वहीत लिहा. पुतण्याच्या वहीत शेवटच्या नोंदी अशा आहेत: 'टोकावर ३५०, टेकलं ३१०, हवा उरली.' गणिताच्या वहीपेक्षा ही वही स्वच्छ आहे, असं त्याच्या आईचं म्हणणं.

आणि एक खेळ बाहेरचा. अनेक शहरांत, सैनिकी शाळांसमोर, चौकांत, संग्रहालयांत सेवेतून निवृत्त झालेली मिग-२१ चौथऱ्यावर उभी आहेत. पाटीवर बहुतेक ठिकाणी नुसतं 'मिग-२१' लिहिलेलं असतं. पुढच्या वेळी गाडी थांबवा आणि मुलांना ओळखायला लावा. नाकाचा शंकू बारीक आणि पुढची लांब नळी नाकाच्या खाली असेल, तर ते दुर्मीळ एफ-१३. नळी नाकाच्या वर, अगदी मधोमध, पाठ सडपातळ आणि पोटाखाली तोफ नाही, तर बहुधा एफएल, म्हणजे टाइप ७७. नळी वर पण जराशी उजवीकडे सरकलेली, पाठ जाड, आणि पुढच्या चाकाच्या मागे पोटाला चिकटलेली दोन नळ्यांची तोफ, तर एम किंवा बिस. एम आणि बिस यांतला फरक लांबून ओळखणं कठीण. त्यासाठी पाठीचा कणा शेपटीला कसा मिळतो ते बाजूने बघावं लागतं, बिसचा जास्त भरीव असतो. दोन आसनं असतील, तर ते गुरुजींचं विमान.